ब्रेकाले कुंकू अन् भिवापूरची वाट

माहा भाऊ रुपराव म्हणजे पक्का हट्टी! गिरणीत फिटर, अंगाले सदा तेलाचा वास, अन् डोक्यात एकच: मोटार घ्याची. ब्याऐंशी साली घेतली बाप्पा एकदाची! जुनीपुराणी, इलायती, खटारा. नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या आमच्या अंगणात ढकलत आणली, तरी मी नाचली. लोक हसले त हसले, मी नाचलीच!

मोटारीची हौस त्याले आईपायी. आमची आई जिजाबाई भिवापूरची. लय मागं एकदा भांडणात तिचा भाऊ, आमचा बळीराममामा, बोलून गेला, "पायी आली तशी पायीच चालती हो!" आईनं तिथंच शपथ घेतली, "आता येईन त लेकाच्या मोटारीतच." मामा पस्तावला, दर दसऱ्याले निरोप धाडे. पण आई! सुंभ जळला तरी पीळ जाते का? त्या सालच्या निरोपानं मात्र तीही हादरली. मामाचे डोळे जाऊन राहिले होते. "दिवसाउजेडीच काय ते दिसते. दसऱ्याले दिवस असतानाच ये, जिजे. तुहं तोंड एकदा पाहून घेतो."

गाडीची चाकं गंजलेली, अन् तसली अख्ख्या नागपुरात मिळेना. रुपरावनं कबाड्याकडून दुसऱ्याच मोटारीची उचलली. "नटाचे होल जुळले, बस!" मी म्हटलं, "दुसऱ्याची चप्पल घालून कोणी वरातीत जाते का गा?" त माह्यावरच खेकसला.

दसऱ्याच्या सकाळी जुनी चाकं काढून गाडी विटांवर चढवलेली. आई पूजेचं ताट घेऊन आली अन् तेलात कालवलेलं कुंकू दिसेल त्या लोखंडाले फासत सुटली. चाकामागं ब्रेकाचा गोल डबा असते, ड्रम म्हणतात, त्यालेही!

"आये, ब्रेकाले काहून कुंकू वं?" मी इचारलं.

"चालवणाऱ्याले हार, अन् थांबवणाऱ्याले काहीच नाही? वा रे न्याय!"

तीन चाकं मस्त बसली. पुढचं एक काही केल्या बसेना. नट गच्च आवळले तरी ड्रमाले सपाट टेकेना, एका बाजूनं फट राहे. हातानं फिरवून पाहिलं, त डगडग डगडग! रुपराव मटकन खाली बसला. "ड्रमच मोठा हाय. लेथ मशीनवर घासून आणाव लागन." अन् दसऱ्याले कोणता कारखाना उघडा असन? ऊन डोक्यावर आलं. आई नवं लुगडं नेसून, सोन्याची पानं पदरात बांधून ओट्यावर बसलेली. घडीघडी उन्हाकडं पाहे. ते मले पाहवेना, अन् माहं टाळकं सरकलं. "काढ ते चाक! आतून पाहू त दे!"

चाक उलटं केलं अन् मी ओरडलीच. आतून सारं कोरं, अन् एकाच जागी कुंकवाचा टिळा! तिथं जुन्या वेल्डिंगचं टेंगूळ होतं. ड्रमावरचं कुंकू तिथंच लागलं, म्हणजे तेच ड्रमाले अडत होतं. रुपराव टुणकन उठला. "कानस! कानस आण!"

पाना तेवढा चाकांसाठी बाहेर ठेवला होता, पण कानस देव्हाऱ्यापुढं होती. दसऱ्याले हत्यारं पूजेत मांडली की त्या दिवशी आमच्यात कोणी हात लावत नाही. रुपराव थबकला, मीही. आई उठली. कानशीवरचं फूल काढून अंबाड्यात खोचलं, हात जोडले, अन् कानस लेकाच्या हातात देल्ली. "देव पाहून घेईल. तू घास."

टेंगूळ गेलं अन् चाक खटकन बसलं! फट नाही, डगडग नाही. रुपरावनं एकट्यानं गल्लीत फेरी मारून, ब्रेक दाबून पाहिला, मगच आईले बसवलं. उमरेडच्या रस्त्याले लागलो त मी मागून ओरडून राहिली, "पळव गा, दिवस चालला!" अन् आई म्हणे, "पाय ब्रेकावर असू दे."

भिवापुरात शिरलो तेव्हा उजेड होता बाप्पा, होता! मामा दारात पाण्याचा गडू घेऊन उभा. मागून कळलं, दर दसऱ्याले तो बहिणीचे पाय धुवाले गडू भरून ठेवे अन् अंधार पडला की तुळशीले ओतून टाके.

आई उतरली. मामानं तिचं तोंड दोन्ही हातांनी उजेडाकडं केलं, लय वेळ पाहिलं.

"बुढी झाली वं, जिजे."

"तू काय जवान राहिला?"

मामा पाय धुवाले वाकला. हात फिरवला, त पायाले मातीचा कणही नाही. मग चाचपडत पुढच्या चाकापाशी गेला अन् सारा गडू त्याच्यावर ओतला. कुंकवाचं लाल पाणी वाहून राहिलं.

"आज धूळ याले लागली," मामा म्हणे, "त याचेच पाय धुतो."

शपथ घेताना जिच्या डोळ्यात टिपूस आलं नव्हतं, ती माही आई त्या ओल्या चाकाले टेकून हमसून हमसून रडली.