पत्ता आपोआप जातो

नाव : श्रीमती शकुंतला नारायण टेंभुर्णीकर. वय : छप्पन्न. मूळ पद : टेलिफोन ऑपरेटर. अतिरिक्त कार्यभार : समन्वयक, आपत्कालीन दूरध्वनी मार्गनिर्देशन (इंटरनेटद्वारे). कार्यक्षेत्र : युनिट एक, टॉवेल विणकाम, अक्कलकोट रोड एमआयडीसी, युनिट दोन, डाईंग, चिंचोळी एमआयडीसी. दोहोंमधील अंतर : संपूर्ण सोलापूर शहर. जबाबदारी : कोणत्याही संचावरून ११२ हा क्रमांक फिरवला गेल्यास त्या संचाचा नोंदणीकृत पत्ता अचूक असल्याची सदैव खात्री बाळगणे.

यातला ‘सदैव’ हा शब्द शकुंतलाबाईंना बाधला. घरातून निघताना गॅसचं बटण तीनदा बघून चौथ्यांदा नवऱ्याला बघायला लावणारी ही बाई. तिच्या हाती असा शब्द द्यायलाच नको होता.

एकतीस वर्षं त्यांनी कारखान्याचा बोर्ड सांभाळला. त्या बोर्डाची वायर जिथे जायची तिथेच फोन वाजायचा, त्यामुळे काळजीला मर्यादा होती. मग मालकांचे चिरंजीव दिग्विजय यांनी इंटरनेटवरचे फोन आणले. हा फोन कुठेही नेऊन लावा, म्हणाले, त्याचा नंबर त्याच्याबरोबर जातो. शकुंतलाबाईंनी विचारलं, आणि पत्ता?

“पत्ता एकदाच भरायचा, बाई. मग ११२ लावलं की तो आपोआप जातो.”

“आणि फोन हलला तर?”

“कशाला हलेल?”

बाईंनी बारा फोनांचे बारा अर्ज भरले. कामगारांचे मोबाइल गेटवर जमा होतात, म्हणून प्रत्येक फोनवर सूचनाही त्यांनीच लिहून चिकटवली : ‘अपघात झाल्यास ११२ फिरवावे. घाबरू नये. पत्ता सांगत बसू नये, तो आपोआप जातो. फोन अडवून ठेवू नये.’ दिग्विजयसाहेबांना भाषा आवडली.

पुढे खंडेनवमी आली. मागाच्या कारखान्यात त्या दिवशी फुलाविना एक स्क्रूड्रायव्हरही राहत नाही. नव्या फोनांची पहिलीच पूजा, ती एकत्र व्हावी, असं मालकांनी ठरवलं. इलेक्ट्रिशियन जोतीरामनं चिंचोळीचे पाच फोन टेम्पोतून आणले. बाराही फोन पांढऱ्या टॉवेलावर ओळीनं मांडले गेले. काळ्या फोनवर कुंकू उठून दिसेल अशी एकच पांढरी जागा होती, नंबरच्या चिठ्ठीची. कुंकू तिथेच लागलं, आणि बाराही नंबर त्याखाली गेले. आरतीचं ताट शकुंतलाबाईंच्याच हातात होतं. हे सगळे पुन्हा आपापल्या जागी कसे जाणार, असं तेव्हाच त्यांच्या मनात आलं होतं, पण आरती मध्येच थांबवून शंका कशी काढायची? दसऱ्याची सुट्टी संपली तशी जोतीरामनं पाच फोन क्रेटमध्ये घालून चिंचोळीला नेऊन लावले. कुठले पाच? हाताला आले ते.

त्याच सकाळी साडेदहाला बाईंनी डाईंगचा २०४ लावला. उचलला तो समोरच्या गेटवरच्या वॉचमननं. खिडकीतून तो फोन कानाला लावलेला स्पष्ट दिसत होता. एकमेकांकडे बघत दोघं थोडा वेळ हॅलो म्हणत राहिले.

जोतीरामला गाठलं, तर तो म्हणाला, सगळे लागलेत की बाई, सगळे वाजत्यात. कुठला कुठे लावला, याला त्याचं उत्तर होतं : जिथं वायर होती तिथं. दिग्विजयसाहेब म्हणाले, सोमवारी पुण्याहून इंजिनिअर येतोच आहे, तोवर काय कुणी पडणार आहे का? असं वाक्य तोंडातून काढू नये, असं बाईंना वाटलं. त्यांनी कागद घेतला आणि एकेका नंबरला फोन करून ‘कोण बोलतंय, कुठून बोलतंय’ विचारायला सुरुवात केली. सहा झाले, त्यातले तीन भलतीकडे निघाले. २०७ लावणार, तेवढ्यात त्यांच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर लाल पट्टी उमटली : ‘११२. संच २०७. डाईंग विभाग, चिंचोळी. संभाषण एकोणीस सेकंद.’

बाईंनी २०७ लावला. फोन उचलला गेला आणि आधी ऐकू आला तो मागांचा खडखडाट. डाईंगमध्ये माग नाहीत. मग जॉबर शंकरप्पाचा आवाज आला. बिघडलेले माग दुरुस्त करणारा हा माणूस वीस वर्षं इथल्या शेड दोनचाच.

“शंकरप्पा, कुठून बोलताय?”

“हितनंच की, बाई.”

“म्हणजे शेड दोन?”

“व्हय. मागावरचा निंगप्पा पडलाय, छाती धरून. एकशेबारा लावलो, मानूस पडलाय म्हनलो, ठिवलो. कागदावर तुमी लिवलंय तसंच केलो बघा.”

शेड दोन बाईंच्या टेबलापासून ऐंशी पावलांवर होती. रुग्णवाहिका निघाली होती शहराच्या दुसऱ्या टोकाला.

त्यांनी टेबलावरच्या फोनकडे हात नेला आणि मागे घेतला. पूजेला तोही बसला होता. तो आता कुठला पत्ता सांगेल याचा भरवसा नव्हता. पर्समधून स्वतःचा मोबाइल काढून त्यांनी ११२ लावला. पलीकडच्या मुलीनं नम्रपणे सांगितलं की चिंचोळीला गाडी रवाना झाली आहे. बाईंनी सांगितलं, तिथे कुणी पडलेलं नाही. मग रुग्ण दोन आहेत का, असं मुलीनं विचारलं.

“एकच माणूस आहे, ताई. एकदाच पडलाय. आणि इथे पडलाय.”

दुसरी गाडी निघाली. मुलीनं प्लॉट नंबर विचारून घेतला. बाईंनी तो दिला, पण त्यावरून गाडीला जागा सापडणं कठीण होतं, कारण त्यांच्या गल्लीत प्लॉट चौदानंतर एकसष्ट येतो.

तेवढ्यात माग बंद पडले. एकामागून एक, सगळे. भर दिवसा शेड दोन गप्प झालेली बाईंनी एकतीस वर्षांत ऐकली नव्हती. निंगप्पाचं काय झालं ते बघायला जावं की रस्त्यावर जावं? त्या रस्त्याकडे धावल्या. पॅकिंगच्या टेबलावरून हाताला आला तो लाल टॉवेल उचलला आणि चौकात जाऊन उभ्या राहिल्या.

नऊ मिनिटं गेली. पत्ता सांगत बसू नये, तो आपोआप जातो. स्वतःचंच सुवाच्य अक्षर डोळ्यांसमोरून हलेना. एका टेम्पोवाल्यानं थांबून टॉवेलचा भाव विचारला. मग सायरन आला, आणि गाडी सरळ पुढच्या गल्लीत शिरली. छप्पन्न वर्षांच्या शकुंतलाबाई डोक्यावर टॉवेल फिरवत तिच्यामागे धावल्या. ड्रायव्हरला आरशात लाल काहीतरी दिसलं, गाडी रिव्हर्स आली.

निंगप्पाचा श्वास चालू होता. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर बोलण्यासारखं काही उरलं नसतं. तिसऱ्या दिवशी त्यानं आपल्या मागावर कुणाला बसवलंय ते विचारलं, तेव्हा कुठे बाईंना जेवण गेलं. तोवर त्यांनी सूचनेतलं तिसरं वाक्य बाराही फोनांवर काळ्या शाईनं खोडून टाकलं होतं.

दिग्विजयसाहेबांनी अहवाल तयार केला : ‘आपत्कालीन मार्गनिर्देशनाचा पहिला प्रसंग यशस्वीरीत्या पार पडला.’ ‘वापरलेली यंत्रणा’ हा रकाना मात्र समन्वयकांसाठी रिकामा ठेवला होता. शकुंतलाबाईंनी चष्मा पुसला आणि लिहिलं : लाल टॉवेल, तीस बाय साठ, सेकंड क्वालिटी.