यादीत नसलेली दोन नावं

मे महिन्यात दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी आम्ही अकोला स्टेशनवर उतरलो. बारा जण. पाच दिवसांपूर्वी आम्ही लडाखमध्ये होतो आणि तिथे सकाळी जेरीकॅनमधल्या पाण्याचा बर्फ झालेला असायचा. अकोल्यात सैन्यभरतीचा मेळावा होणार होता. त्यासाठी मैदान आखायचं, दोर बांधायचे, तंबू ठोकायचे, एवढंच काम होतं. मी तेव्हा नायब सुभेदार होतो. मूळचा अमरावतीचा, म्हणून मेजरसाहेबांनी तुकडी माझ्याकडे दिली. म्हणाले, "आपका इलाका है, साहब."

फलाटावर पाय ठेवल्याबरोबर हिमाचलचा लान्स नाईक दोर्जे थांबला. इकडे तिकडे पाहत म्हणाला, "साहब, कहीं आग लगी है क्या?" तो मनापासून विचारत होता.

इथे सिव्हिलमधल्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. उंच पहाडी भागात गेल्या गेल्या कुणालाच कामाला लावत नाहीत. शरीराला विरळ हवेची सवय व्हावी म्हणून ठरावीक दिवस, ठरावीक टप्पे असतात. त्याला आम्ही ॲक्लमटायझेशन म्हणतो. तिथे जनरललाही सूट नाही. मी ठरवलं, हाच नियम उन्हाला लावायचा. माझ्या डोक्यातून निघालेली ही कल्पना मला फार आवडली होती.

त्याच संध्याकाळी रेघी कागदावर यादी केली. दहा नावं. पहिल्या दिवशी सकाळी एक तास काम, मग रोज एक तास वाढवायचा. अकरा ते चार कुणी सावलीबाहेर जायचं नाही. बाह्या पूर्ण. तहान असो वा नसो, अर्ध्या तासाला मीठ-साखरेचं पाणी. जुन्या शहरातल्या बाजारातून दहा पांढरे सुती दुपट्टे आणले आणि कान झाकून ते कसे बांधायचे हे प्रत्येकाला करून दाखवलं. पोरांकडे लडाखहून आणलेलं क्रीम होतं, काळे गॉगल होते. तेवढ्यावर भागेल असं त्यांना वाटत होतं. मी सांगितलं, क्रीम कातडी वाचवतं, आत साठणारी उष्णता त्यानं जात नाही.

यादीत माझं नाव नव्हतं. नाईक गजानन राखोंडेचंही नव्हतं. मुद्दाम गाळली असंही नाही. ती नावं लिहावीत असं सुचलंच नाही.

गजानन अकोल्यापासून दहा-बारा किलोमीटरवरच्या गावचा. घरी भाजीचा मळा. वांगी, मेथी, सांभार, म्हणजे पुण्याकडची कोथिंबीर. वडील नामदेवराव माल आणून जुन्या शहरात विकायचे. गजानन आमच्या रेजिमेंटचा नंबर एकचा मस्कऱ्या. चेहरा सरळ ठेवून वाटेल ते बोलायचा. बर्फातल्या चौकीवरून रेडिओवर त्यानं एकदा गंभीर आवाजात सांगितलं होतं, "कचोऱ्या संपल्या, कुमक पाठवा, ओव्हर." क्रीम फासलेली पहाडी पोरं पाहून तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "काहून बे, लग्नाले चालले का?"

तीन दिवस सुरळीत गेले. यादीतल्या कुणाला साधी चक्करसुद्धा आली नाही.

चौथा दिवस. सकाळी सहाला काम सुरू. दहाला नियमाप्रमाणे दहा जण निंबाच्या सावलीत. दुसऱ्या दिवशी आठला मैदानाची तपासणी होती आणि धावपट्टीवरची चुन्याची फक्की अर्धी बाकी होती.

गजानन म्हणाला, "साहेब, हे पोट्टे बसू द्या. आपण दोघं ओढून टाकू."

"ऊन वाढलं रे."

"साहेब, मले ऊन सांगता?"

मी हसलो. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. बाहेरची दहा माणसं सावलीत बसून बघणार आणि आम्ही दोघे वऱ्हाडी उन्हात काम उरकणार, याची मला घमेंड वाटली. गजाननच्या डोक्यावर फक्त टोपी होती, माझ्याही. तो फक्कीचं घमेलं घेऊन मैदानाच्या पलीकडच्या टोकाला गेला. मी अलीकडे खुंट्या ठोकत होतो. दोघांकडे वॉकी-टॉकी होता, तिसरा सावलीत दोर्जेपाशी.

अकरा चाळीसला मी त्याला बोलावलं. ही नोंद लॉगबुकात माझ्या अक्षरात आहे.

"गजानन, तुझी लाइन बाभळीकडे चालली. ओव्हर."

"पाणी धरून राहिलो साहेब. पाट फुटला."

मला वाटलं, झाली याची नेहमीची सुरुवात. मीही साथ दिली.

"सांभार लावला का?"

"लावला ना. बाबाले सांगू नका."

"दोन जुड्या मले ठेव. ओव्हर."

त्याचं उत्तर आलं नाही. मी पुन्हा खुंटीकडे वळलो. कानशिलं ठणकत होती. एकच खुंटी मी तीनदा ठोकली आणि ती जमिनीत का जात नाही याचा विचार करत उभा राहिलो. ती कधीच जमिनीत गेली होती.

दोर्जे सावलीतून उठून माझ्याकडे आला. "साहब, राखोंडे का कदम ठीक नहीं पड़ रहा."

"मज़ाक कर रहा है."

"बोली भी ठीक नहीं. ऊपर ऐसा होता तो हम आदमी को तुरंत नीचे उतारते."

बरोबर होतं त्याचं. पहाडावर माणूस लडखडायला लागला, असंबद्ध बोलायला लागला, की त्याच्या मेंदूवर परिणाम झाला असं समजायचं आणि एक मिनिटही थांबायचं नाही. हे मी स्वतः कित्येक तुकड्यांना शिकवलं होतं. पण त्या क्षणी मी दोर्जेला म्हणालो, "तू लिस्ट में है. छाँव में बैठ." ऑर्डर होती. तो परत जाऊन बसला.

यानंतरचं मला सांगता येत नाही. सव्वीस वर्षं मी वेळ लिहून ठेवत आलो, आणि नेमका इथे माझा हिशेब तुटतो. लॉगबुकातली पुढची नोंद बारा पंचवीसची आहे, दोर्जेच्या अक्षरात. 'राखोंडे गिर गया. साहब को भी लिटाया.' मध्ये काय झालं? दोर्जे म्हणतो, तो दहा मिनिटं बसला आणि मग हुकूम मोडून धावला. मला आठवतं की गजाननने लांबून हात हलवला. दोर्जे म्हणतो, हात हललाच नाही. मी कुणाला पाहिलं मग? अजून समजत नाही.

गजाननचं अंग कोरडं होतं आणि चटका बसेल इतकं तापलेलं. यादीतल्या दहाही पोरांनी आपापले दुपट्टे सोडले, भिजवले आणि त्याच्यावर टाकले. रस्त्यावरच्या रसवंतीतून बर्फाची लादी आणली. बारा पन्नासला गाडी दवाखान्यात पोचली. संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तो गेला. मी पलीकडच्या वॉर्डात सलाईनवर होतो. मला दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं.

डॉक्टरांनी विचारलं, "थंडीत किती दिवस होते तुम्ही?"

"दोन वर्षं."

"मग तुम्हीही नवीनच की इथं. उन्हाची सवय व्हायला शरीराला पंधरा दिवस लागतात. बाहेर राहिलं की ती मोडते. गाव कुठलं, ते शरीर विचारत नाही."

त्यांचं बोलणं कळत होतं, पण पटत नव्हतं. अमरावतीत लहानपणी आम्ही भर दुपारी विटीदांडू खेळायचो.

गजाननला घेऊन आम्ही गावी गेलो. अंगणभर माणसं होती. नामदेवराव शवपेटीपाशी उभे होते. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"साहेब, गोळी कुठं लागली?"

"गोळी नाही, बाबा. ऊन लागलं."

"कोणाले?"

"गजाननला."

"मायं पोट्टं मे महिन्यात अनवाणी वांगे तोडे. त्याले ऊन? अकोल्याचं?" मग आवाज उतरवून म्हणाले, "खरं सांगा. आमी कोणालेच सांगत नाही."

मी पुन्हा तेच सांगितलं. त्यांनी गजाननचा शर्ट काढायला लावला. छाती, पोट, बरगड्या, मग पाठ. बोटांनी चाचपत इंचन्‌इंच पाहिलं. जखम कुठेच नव्हती. त्या क्षणी मलाही वाटलं, कुठेतरी एक भोक सापडावं. म्हणजे आम्हा दोघांना निदान समजेल तरी.

मी म्हणालो, "बाबा, चूक माझी आहे. मी यादीत त्याचं नाव लिहिलं नाही."

"कोणती यादी?" त्यांनी विचारलं. मी तिथेच रडलो, माझ्या जवानांसमोर.

त्यानंतर दर मे महिन्यात मी अमरावतीहून बसने त्या गावी जातो. पहिल्या वर्षी नामदेवरावांनी पुन्हा गोळीचं विचारलं. दुसऱ्या वर्षी चहा दिला आणि ती यादी, तिच्यातले सगळे नियम, माझ्याकडून दोनदा वाचून घेतले. गेल्या वर्षी मी पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. गावातला एक जवान आदल्या दिवशीच बर्फातल्या पोस्टिंगवरून सुटीवर आला होता. मोटरसायकल काढून तो बाजाराकडे निघाला होता. नामदेवराव रस्त्याच्या मध्ये उभे राहिले आणि त्यांनी हँडल धरलं.

"कुठं चालला बे?"

"अकोल्याले. एका घंट्यात येतो."

"आठ दिवस दुपारी घराबाहीर पडाचं नाही. सकाळी एक घंटा फिर, उद्या दोन. डोक्याले बांध काही."

पोरगा हसला. "काय बाबा! मी काय पावना हावो का? मी इथचाच ना."

नामदेवरावांनी हँडल सोडलं नाही.

"गजाननबी इथचाच होता," ते म्हणाले.