नवसाच्या वेणीचा फोटो

अमळनेर येथे बसस्थानकाच्या मागे भाईदास फोटोवाले यांची लहानशी खोली होती. अंधुक आलेला फोटो उजळून देण्यात त्यांचा हात बसलेला होता. सन १९८६ च्या उन्हाळ्यात चोपड्याकडील मंदाबाई नावाची एक बाई त्यांच्याकडे एक निगेटिव्ह घेऊन आली.

फोटो लेकराचा होता. मंदाबाईच्या भावाने तो आपल्या पेटी कॅमेऱ्याने घरात काढला होता. अंगणात नेले तर दृष्ट लागेल, म्हणून सासूने लेकराला उंबरा ओलांडू दिला नव्हता. धाब्याच्या घरात उजेड तो किती असणार! भिंत दिसत होती, वेणी दिसत होती. तोंड मात्र काळे.

"मन्ही सासूले मोतीबिंदू शे," मंदाबाई म्हणाली. "तिले दिसाले पाहिजे. तेवढं करा, भाऊ."

भाईदास यांनी दोन दिवस मन लावून काम केले. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून गाल उजळले. लांब वेणी पाहून त्यांना वाटले, पोरगी आहे. मग नटवायला नको का? म्हणून त्यांनी निगेटिव्हवरच पेन्सिलीने कानांत चमकती कुंडले काढली आणि छापलेल्या फोटोवर कुंचल्याने टिकली लावली.

मंदाबाई फोटो घ्यायला आली. तिने तो बराच वेळ पाहिला.

"भाऊ, मना पोऱ्याले टिकली कसाले लाई?"

"पोऱ्या? मंग हाई येनी?"

"एकवीरा मातानी ती. सासूनी नवस करेल व्हता. पाच वरीस केस राखात, मांगला महिनामा धुळाले जाईसन उतारी टाकात." मग ती हसू दाबत म्हणाली, "आते नवरदेव बी तुम्हीच दखा."

भाईदास यांना हसू आले नाही. नवसाचे केस आपण जन्मभर पाहिले, तरी हे सुचले कसे नाही? केस गेले होते. दुसरा फोटो आता निघणार नव्हता. कुंडले पुसताना ओरखडा पडला असता, तर म्हातारीला नातवाचे ते रूप पुन्हा कधीच दिसले नसते.

"माझी चूक झाली, ताई. आठ दिवसांनी या," ते म्हणाले. मंदाबाईने एक शब्दही वाकडा काढला नाही. त्या उपकाराची जाणीव त्यांनी पुढे सदैव ठेवली.

टर्पेंटाइनमध्ये कापूस भिजवून त्यांनी कुंडले हलक्या हाताने पुसली. सुदैवाने निगेटिव्ह शाबूत राहिली. मग फोटो छापताना तोंडाच्या भागाला तेवढा कमी प्रकाश मिळावा, म्हणून तारेला लावलेला पुठ्ठ्याचा तुकडा वर धरून हलवीत राहिले. असे केल्याने तो भाग काळा पडत नाही. या वेळी त्यांनी स्वतःचे काहीही घातले नाही.

आठव्या दिवशी मंदाबाईबरोबर तिची सासू ताईबाई एस.टी.ने आली. तिने फोटो दारातल्या उन्हात धरला, डोळ्याला अगदी चिकटवला. भाईदास हात जोडल्यासारखे उभे राहिले.

"दिसस का, आत्याबाई?" मंदाबाईने विचारले.

"दिसस ना," ताईबाई म्हणाली. "येनी वाकडी शे. त्या रोज तूच घाली व्हती."

भाईदास यांनी तिच्या पायांवर डोके ठेवले.