दुधातले डोनट

पीठ मळायला बसण्याआधी बटलर पांढरा कोट घालायचे. गळ्यापर्यंत बटणं लावायचे, मग गॅलरीत येऊन सगळ्यांच्या देखत कोपरापर्यंत हात धुवायचे. लोअर परळच्या आमच्या चाळीत पुरुष घरात उघड्या अंगानंच वावरत. त्यामुळे हा कडक इस्त्रीचा कोट घातलेला माणूस शेगडीपुढे पाटावर बसला, की पोरं दारात गर्दी करून हसत. बटलर रागावत नसत. "हसा, हसा," म्हणायचे. "पण अन्नासमोर उघड्या अंगानं बसायचं नाही. अन्नाला लाज वाटते."

त्यांचं नाव धोंडिराम होतं. ते मला त्यांच्या मरणानंतर कळलं. मलबार हिलवरच्या एका गोऱ्या साहेबाकडे त्यांनी तरुणपणापासून स्वयंपाक केला. साहेब स्वातंत्र्यानंतर विलायतेला गेला आणि बटलर गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. आमच्या मजल्यावर सगळी घरं कोकणातली, रत्नागिरी-मालवणकडची. संडासाला लागून असलेली शेवटची खोली तेवढी बटलरांची. ते महार होते. ज्या हातचं साहेबाच्या टेबलावर रोज चालत होतं, त्या हातचं पाणी आमच्या मजल्यावर चालत नव्हतं. याचं कोणाला आश्चर्य वाटत नसे. मलाही फारसं वाटत नव्हतं, हे मी आज पन्नाशीत लिहितो आहे.

रविवारी त्यांच्या खोलीतून जो वास सुटायचा, तो मात्र कोणालाच परका नव्हता. साहेबाची मडम अमेरिकेची. तिनं त्यांना डोनट शिकवला होता. खरा डोनट तळतात. पण लढाईच्या दिवसांत तूप-तेल मिळेना, तेव्हा बटलरांनी तो भाजून पाहिला. "तळलेला डोनट मडमचा, भाजलेला माझा," असं ते छाती काढून सांगत. चाळीत त्याला 'भोकाचा पाव' म्हणायचे. "बटलर, भोकाचे पैसे वेगळे घेता काय हो?" असं कोणी विचारलं, की ते गंभीरपणे म्हणत, "भोक फुकट. तेवढंच तर तुम्हाला चालतं माझ्या घरचं."

करण्याची रीत सोपी होती. मैदा, साखर, थोडा डालडा, आंबट दही आणि चिमूटभर खायचा सोडा. हे सगळं पाण्यात सैलसर भिजवायचं. गोळा थापला की पेल्यानं चकत्या पाडायच्या आणि औषधाच्या बाटलीच्या टोपणानं मधलं भोक. शेगडीवर जाड पातेलं, पातेल्यात माहीमच्या किनाऱ्यावरून आणून धुऊन वाळवलेली वाळू, वाळूवर तूप लावलेली थाळी. वर झाकण आणि झाकणावर निखारे. "भट्टी नाही म्हणून रडायचं नाही, मास्तर," ते मला म्हणायचे. मी तेव्हा तेवीस वर्षांचा, कामगारांच्या रात्रशाळेत शिकवत होतो. "वाळू तापली की झाली भट्टी. फक्त झाकण उघडून सारखं बघायचं नाही. ज्याला धीर नाही, त्याचा डोनट बसतो." बाहेर काढल्यावर गरम असतानाच वेलचीच्या साखरेत लोळवायचे. त्यांची बायको सुंदराबाई आणि ते, दोघंच खायची. उरलेले गिरणीतले त्यांच्या जातीचे सोबती घेऊन जात.

आमच्याकडे दिवाळीत फराळाची ताटं या घरून त्या घरी जायची. ताट रिकामं परत करायचं नाही, ही रीत. काही नसेल तर चिमूटभर साखर घालूनच ते परत जातं. बटलरांच्या घरी फराळ जायचा, पण वर्तमानपत्राच्या कागदावर. ताट गेलं तर त्यांच्या घरचं काहीतरी घालून परत येणार आणि ते कोण खाणार? मी एकदा कागदावरच्या करंज्या घेऊन गेलो, तर बटलर त्या कागदाकडे बघत म्हणाले, "कागद बरा असतो, मास्तर. परत द्यावा लागत नाही."

हे वाक्य मला फार लागलं. मी विचारी माणूस, मोर्चाला जाणारा, शाळेत समतेवर बोलणारा. काहीतरी केलं पाहिजे, असं वाटलं. आणि मला एक युक्ती सुचली. माझी आई मजल्यावरची वडीलधारी विधवा. तिनं एक गोष्ट खाल्ली, की बाकीची घरं खाणार. आणि आईचा एक नियम मला ठाऊक होता. पाण्यात मळलेली भाकरी परक्या हातची चालत नाही. पण दुधात मळलेली दशमी चालते. प्रवासात लोक दशम्या नेतात त्या त्यासाठीच. दुधाला विटाळ नाही.

मी बटलरांना म्हटलं, "तुम्ही पाण्याऐवजी दुधात भिजवा. मग आई खाईल."

त्यांनी हातातलं टोपण पुसून पाटावर ठेवलं. मग हसले. "म्हणजे मधे म्हैस उभी केली, की बाट लागत नाही."

"तसं नाही हो. सुरुवात तर होईल."

"होईल," ते म्हणाले. "म्हशीपासून का होईना."

पुढच्या रविवारी ते कोट घालून आमच्या दारात उभे राहिले. हातात थाळी. "दुधातले आहेत, वहिनी." आईनं माझ्याकडे बघितलं, थाळीकडे बघितलं. "नक्की मां रे?" "देवाशपथ, वहिनी." तिनं एक उचलला, देवाच्या फोटोकडे पाठ करून खाल्ला आणि म्हणाली, "गोड बरो आसा." तासाभरात शेजारच्या घरांतून पोरं थाळ्या घेऊन धावली. त्या दिवाळीत आईनं बटलरांकडे पितळेच्या ताटात फराळ पाठवला. ते ताट सुंदराबाईनं दिवसभर घासलं असावं, इतकं लखलखीत होऊन परत आलं, वर डोनट रचलेले. बटलर स्वतः घेऊन आले होते. मी त्या रात्री समाधानानं झोपलो. एका जुन्या रूढीला मी वळसा घातला होता, आणि वळसा म्हणजेच वाट, असं मला वाटत होतं.

बटलरांना आता एकच भीती लागली होती. दूध कमी पडलं, पातळ निघालं, तरी ते त्या रविवारी डोनट करत नसत. "एकदा का कोणी म्हटलं, की बटलरनं पाणी घातलं, तर मग दुधातलेही गेले." दूधवाल्या भय्याशी ते जितकं भांडत, तितकं गिरणीत कामावर घेणाऱ्या जॉबरशीही कधी भांडले नाहीत. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना ते माझ्याबरोबर यायचे. मला म्हणायचे, "मोर्चात खांद्याला खांदा लागतो, मास्तर. घरी जाऊन कोणी आंघोळ करत नाही. मला ते आवडतं."

छप्पन सालच्या जानेवारीत पोलिसांचा गोळीबार सुरू झाला. गिरणगावात संचारबंदी लागली. दुकानं बंद, पाववाले बंद, दूध बंद. दोन-तीन दिवसांत घराघरातले डबे तळाला लागले. पोरं रडायला लागली. बटलरांकडे मैद्याची गोणी होती. सकाळीच त्यांनी कोट चढवला, शेगडी पेटवली, मैदा चाळून परातीत घेतला आणि थांबले.

मी म्हटलं, "पाण्यात भिजवा. आज कोण विचारतंय?"

"वहिनी विचारतील."

"मग नका सांगू."

"वा रे मास्तर! खोटं बोलून खाऊ घालू?" त्यांनी तांब्या उचलला. "मागच्या गल्लीतल्या तबेल्यात दूध नासतंय म्हणे. मागच्या दारानं देतात."

सुंदराबाई म्हणाली, "अहो, मरू दे ते दूध. बाहेर पोलीस हायेत."

"हा कोट बघून दवाखान्यातला समजतील. आलोच."

मी त्यांना अडवलं नाही. आईला सांगून बघतो, असंही म्हणालो नाही. आई चार दारं पलीकडे होती. मला वाटलं, मागची गल्लीच तर आहे.

दोन आवाज आले. आम्हाला त्या दिवसांत त्या आवाजांची सवय झाली होती. सुंदराबाई तेवढी उठून उभी राहिली. ते गल्लीच्या तोंडाशीच पडले होते. तांब्या रिकामा होता. तबेल्यापर्यंत ते पोचलेच नव्हते. आम्ही त्यांना उचलून आणलं, तेव्हा खोलीत शेगडीतले निखारे अजून लाल होते आणि परातीतला मैदा तसाच होता. कोरडा.

मग चळवळीतली माणसं आली. हार आले, फोटो आला. चाळीच्या चौकात सभा झाली. "घोषणा देत, छातीवर गोळी झेलत..." असं एक पुढारी बोलत होते. सुंदराबाई बायकांत बसली होती. ती मोठ्यानं म्हणाली, "दुधाला गेले होते ते."

माणसं मागे वळून बघू लागली. पुढारी खाली येऊन तिच्याजवळ वाकले. "बाई, आता असं म्हणू नका. त्यांचा मान कमी होतो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. दूध कोणासाठी लागत होतं, हे तिथे तिला, मला आणि आईला ठाऊक होतं. आई पदर तोंडावर घेऊन बसली होती. मी खाली बघितलं. सभा पुन्हा सुरू झाली. हुतात्म्यांच्या यादीत त्यांचं नाव धोंडिराम असं लागलं, आणि चाळीतली अर्धी माणसं एकमेकांना विचारू लागली, हा धोंडिराम कोण?

त्यानंतर आईनं दुधातलं-पाण्यातलं हा शब्द घरात उच्चारला नाही. सुंदराबाईच्या दाराशी ती कधी गेलीही नाही. त्याच वर्षी दसऱ्याला सुंदराबाई भावाबरोबर नागपूरला जाऊन बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन आली आणि खोली सोडून भायखळ्याला भावाकडे राहायला निघाली. ट्रंक बाहेर आली, वाळूचं पातेलं बाहेर आलं. मजल्यावरच्या बायका आपापल्या दारात उभ्या होत्या. आई उठली आणि गॅलरीतून चालत शेवटच्या खोलीपाशी गेली. मी मागून गेलो.

आई उंबऱ्याबाहेर खाली बसली. "सुंदरा, माका वाईच पाणी दी गो."

सुंदराबाईनं बांधलेलं बोचकं सोडलं. तिनं त्यातून पेला काढला, माठात उरलेलं पाणी ओतलं आणि दिलं. आई सगळ्या मजल्यासमोर ते पाणी प्यायली. शेवटच्या थेंबापर्यंत.

"ज्यांना बरं वाटलं असतं ते नाहीत, मास्तरांच्या आई," सुंदराबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिनं पेला घेतला, पुन्हा बोचक्यात खोचला आणि गाठ मारली. भावानं ट्रंक उचलली. ती जिना उतरून गेली तरी आई तिथेच बसून राहिली.

मी तिला हाताला धरून उठवलं. परत येताना नळापाशी ती थांबली. मजल्यावर सगळ्यांना मिळून तो एकच नळ होता. आई त्याच्याकडे बघत माझा हात घट्ट धरून म्हणाली,

"साधाच पाणी रे, झिला. आपल्याच नळाचा."