मेन बंद, प्लग चालू

तीन वर्षांपूर्वी, एप्रिलमधल्या एका रविवारी, सकाळी अकरा वाजून चार मिनिटांनी सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीत वीजचोर पकडला गेला. मोहीम मी आखली होती. चोर मीच निघालो.

माझी पत्नी वसुधा शाळेतून निवृत्त झाली होती. पुस्तके वाचून रेकॉर्ड करण्याचे काम तिला मिळण्याची शक्यता होती. कंपनीची अट एवढीच, की अर्ध्या तासाचे सलग वाचन त्या रविवारी दुपारी बाराच्या आत पोचले पाहिजे. तिला हे काम मनापासून हवे होते. घरात स्टुडिओ उभारण्याची जबाबदारी मी घेतली. (कोणी दिली नव्हती.)

अडगळीच्या खोलीच्या भिंतींना गोधड्या लावल्या, जुना कॉम्प्युटर आणि नवा माईक ठेवला. पहिल्याच रेकॉर्डिंगमध्ये वाचनामागे घूं असा आवाज आला. फ्रिज सुरू झाला की घूं, मिक्सर लावला की जास्त घूं. स्टुडिओला वेगळी लाइन हवी होती. वृत्तपत्राच्या डेस्कवर आयुष्य गेल्यामुळे मी कोणाच्या सांगण्यावर विसंबत नाही. घरातला एकेक स्विच बंद करून कोणता प्लग कोणत्या लाइनवर आहे, याची यादी केली. कपाट सरकवले तेव्हा मागे एक विसरलेला प्लग सापडला. कोणताही स्विच बंद केला तरी तो चालू. शेवटी घराचा मेन बंद केला. तरीही चालू.

शहाणा माणूस इथे वायरमनला बोलावतो. मी यादीत लिहिले : 'स्वतंत्र लाइन. उत्तम.'

खराडीला नोकरी करणारी आमची मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, मेन बंद केल्यावर प्लग चालू कसा राहील?"

"जुने बिल्डर विचार करून कामं करायचे."

"कसला विचार?"

"ते त्यालाच माहीत."

"बाबा, प्लीज वायरमनला दाखवा."

"दाखवतो. रविवारनंतर."

कॉम्प्युटर त्या प्लगवर लावला आणि घूं खरोखरच थांबले. वसुधा रोज सकाळी दहा ते बारा सराव करू लागली. कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात, अशी तिची एक तक्रार होती. मी तिला रबरी सपाता आणून दिल्या.

गुरुवारी तळमजल्यावरच्या गोखल्यांनी मला खाली बोलावले. मी सोसायटीचा सचिव आहे.

"जिन्यातला दिवा बंद, पाण्याचा पंप बंद," ते म्हणाले, "आणि सामाईक मीटर लुकलुकतोय. सोसायटीची वीज कोणीतरी घरात ओढली आहे. सोमवारपासून बघतोय. बरोबर दहाला सुरू, बाराला बंद. माणूस शिस्तीचा दिसतो."

त्याच संध्याकाळी मी फलकावर सूचना लावली : 'सोसायटीची वीज घरात वापरणाऱ्या सभासदाने ती सोय तत्काळ बंद करावी. अन्यथा शोध घेऊन त्याचे नाव याच फलकावर महिनाभर लावण्यात येईल. सचिव.' मजकूर वसुधाने तपासून दिला. "जरा सौम्य झालंय," ती म्हणाली.

बेत सोपा होता. रविवारी अकराला मांजरीहून शिंदे वायरमन येणार, न सांगता सामाईक लाइनचा फ्यूज काढणार. ज्याच्या घरातली लाइट जाईल, तो दार उघडून बाहेर येणार. गोखले खाली उभे राहणार, मी वर.

"मी साडेदहाला रेकॉर्डिंगला बसणार आहे," वसुधा म्हणाली.

"बस की. आपली लाइन स्वतंत्र आहे."

शिंद्यांनी फ्यूज काढला तेव्हा मी वही घेऊन माझ्याच दाराला पाठ लावून उभा होतो आणि समोरच्या दोन दारांवर नजर ठेवून होतो. पाठीमागचे दार उघडले. सपाता घातलेली वसुधा बाहेर आली.

"अहो, लाइट गेली. सव्वीस मिनिटं झाली होती. चारच राहिली होती."

खालून गोखल्यांनी विचारले, "सापडला का?"

"शोध चालू आहे," मी म्हणालो.

"वहिनी, तुमच्याकडची गेली का हो लाइट?"

"एकाच खोलीतली," वसुधा म्हणाली. खोटे बोलण्याची तिला सवय नाही.

शिंदे वर आले. त्यांनी प्लग उघडून पाहिला. "जिन्याच्या लाइनवरनं घेतलाय ह्यो. बिल्डरचं हापिस असंल हितं तवा. अन् अर्थिंगच न्हाई. बाई, हाताला मुंग्या येत व्हत्या का?"

"हो. म्हणून सपाता घालत होते."

"सपाता कुणी सांगितल्या?"

वसुधाने माझ्याकडे पाहिले. शिंद्यांनीही पाहिले. गोखले तोवर वर पोचले होते, त्यांनीही पाहिले.

कॉम्प्युटरवर काहीच राहिले नव्हते. अकरा वाजून बावीस मिनिटे झाली होती. वसुधाने मोबाइल आणि पुस्तक घेतले, कपड्यांच्या कपाटात शिरून आतून दार ओढून घेतले आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. तीस मिनिटे आम्ही तिघे जिन्यात उभे होतो. गोखल्यांना एकदा खोकला आला, तो त्यांनी तळमजल्यावर जाऊन काढला. अकरा सत्तावन्नला रेकॉर्डिंग गेले.

काम वसुधाला मिळाले. स्टुडिओची लाइन शिंद्यांनी निवडली, अर्थिंगही त्यांनीच केले. माझी यादी त्यांनी मागितली नाही.

सूचनेत लिहिल्याप्रमाणे माझे नाव महिनाभर फलकावर होते. खाली सचिव म्हणून सहीही माझीच होती.