विरुपाक्ष फिटरची पहिली गळती

विरुपाक्ष फिटरच्या हाताखालून गेलेला नळ गळत नसे. साखर कारखान्यात तो नऊ वर्षं रोजंदारीवर होता आणि या नऊ वर्षांत त्याला कायमची नोकरी सोडून सगळं मिळालं होतं: नाव, मान आणि डाव्या अंगठ्यावर वाफेचा पांढरा चट्टा. लग्नाच्या पंगतीत बसला असताना कुठं टपटप ऐकू आली, तरी त्याचा घास हातातच थांबायचा.

त्या साली उसाचं उभ्या उभ्या पाचट झालं. लोहारा तालुक्यातल्या आडांचे तळ दिसायला लागले. आणि त्याच साली कारखान्याचे चेअरमन तात्याराव सहकार बघायला जपानला जाऊन आले. सहकार किती दिसला कोण जाणे, पण तिथली माणसं गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसलेली त्यांनी नीट बघून घेतली. महिन्याभरात मुंबईहून ट्रकमधून त्यांच्या बंगल्यावर फायबरचा टब आला. त्याला हीटर, पंप आणि बुडबुडे सोडणारी भोकं होती. गुऱ्हाळात रस आटवायच्या कढईवरून गावानं त्याचं नाव काहील ठेवलं. दुष्काळानं गुऱ्हाळं बंद पडली होती, त्यामुळं एक तरी काहील तापतेय याचंच लोकांना कौतुक. फरक इतकाच, की गुऱ्हाळात मळी वर आली की काढून टाकतात. इथं ती वर यायची आणि टॉवेल गुंडाळून मीटिंगला जायची.

आठवड्यातच टब बिघडला. बुडबुडे येईनात, पाणी तापेना, फेस मात्र कडेवरून सांडू लागला. विरुपाक्षला बोलावणं गेलं.

त्यानं पंप उघडला. आत सुपारी. उद्घाटनाला टबाची पूजा झाली होती आणि पुजाऱ्यानं सुपारी, अक्षता सगळं पाण्यातच सोडलं होतं. सुपारी पंख्यात गच्च बसलेली, आणि जाळीत तांदळाचा भात झालेला.

"कुणी टाकली ही?" तात्यारावांनी विचारलं.

"देवाच्या नावानं टाकलीय साहेब. म्हंजे कुणीच न्हाय."

हीटरच्या कॉइलवर टँकरनं आणलेल्या बोरच्या पाण्याचा क्षार चुन्यासारखा चढला होता. ती त्यानं रात्रभर चिंचेच्या कोळात बुडवून ठेवली आणि घासून लख्ख केली. राहिला फेस.

"साहेब, तेल-साबण टबात चालत न्हाय. अंग आधी भाईर धुवून मगच बसायचं."

"अंग बाहेरच धुवायचं तर मग टब कशाला?"

विरुपाक्षनं बादली घेऊन फेस उपसून टाकला.

"आता शेवटचं," तात्याराव म्हणाले. "सकाळी टँकर गच्चीवरची टाकी भरून जातो आणि दुपारी ती चार बोटं खाली. गळती बंद कर. परवा मुंबईचे पाहुणे यायचेत. गळती थांबली की तुझी ऑर्डर काढतो. कायम."

विरुपाक्ष बंगल्याच्या मागं गेला. तंबाखू मळून होते तेवढ्यात त्याला गळती सापडली. टाकीतून टबाकडं जाणारा पाइप मागच्या भिंतीला लागून होता आणि त्याच्या सांध्यातला रबरी वायसर गेला होता. ज्यात अजून कुणी बसलं नव्हतं असं स्वच्छ पाणी थेंब थेंब भिंतीच्या भोकातून पलीकडं पडत होतं. त्यानं वाकून बघितलं. पलीकडच्या गल्लीत घागरींची रांग होती आणि तिसरी घागर त्याच्याच घरची.

खरं तर तो टँकर गल्लीचाच. आधी तो बंगल्यावर रिकामा व्हायचा आणि मग गल्लीत नुसता हॉर्न वाजवायला यायचा.

"कोण हाय तिकडं?" भोकातून त्याच्या बायकोचा, महादेवीचा आवाज आला.

"म्या."

"तुमी? अवो, हात लावू नका तिथं!"

"लावू दे की," शेजारची उमाबाई म्हणाली. ऑर्डरीची बातमी पाण्याआधीच भिंतीपलीकडं पोचली होती. "करा बंद, अप्पा. परमनंट व्हा. आमी तुमच्या ऑर्डरीचा कागद पिळून पिऊ."

नवा वायसर त्याच्या खिशात होता. पाना हातात होता. पाच मिनिटांचं काम. त्यानं पाना पिशवीत टाकला आणि तो पुढं गेला.

"साहेब, गळती सापडंना."

"मग पाणी जातं कुठं?"

"टब नवा हाय. नवा रांजण सुरवातीला पाणी पितो, तसा पीत आसंल."

तात्यारावांनी बंगल्यावरच्या ऑफिसातल्या सगळ्यांना हाक मारली. "ऐकलं का? फायबर पाणी पितं म्हणे! आणि नऊ वर्षं याला आपण फिटर म्हणतोय!" सगळे हसले. चेअरमन हसले की हसायचं, एवढा सहकार तिथं पक्का होता. सोलापूरच्या मेकॅनिकला निरोप गेला. तो पंधरा दिवसांनी येणार होता. ऑर्डरीचं नाव पुन्हा निघालं नाही. दिवस मावळायच्या आत विरुपाक्षच्या रांजणाचा विनोद कारखानाभर झाला.

हत्यारांची पिशवी मागंच राहिली होती. ती आणायला गेला आणि भिंतीशी टेकून बसला. टप. टप. नऊ वर्षांची सवय बोटांत वळवळत होती. त्यानं हात मांडीखाली दाबून धरले.

"अवो," भोकातून महादेवी म्हणाली, "लई हळू गळतंय. एका घागरीला तास लागतोय. जरा सैल करता येत न्हाय? कसले फिटर तुमी!"

एका दिवसात दुसऱ्यांदा कुणी त्याची फिटरकी काढली. विरुपाक्षनं पाना काढला, सांध्याला लावला आणि अर्धा आटा उलटा फिरवला. टपटप थांबली, धार लागली. मग सवयीप्रमाणं त्यानं आपलं काम वाकून तपासलं. धार सरळ भोकातून पलीकडं जात होती. इकडं एक थेंबही सांडत नव्हता.