सरकता ठिपका

नेव्हेनाच्या नाकावर राग असतो हे अख्ख्या भौतिकशास्त्र विभागाला ठाऊक होतं. तिला मात्र वाटायचं, हा राग नाहीच, ही शिस्त. बाप शहरात बस चालवतो, तोही असाच. प्रवासी धावत आला तरी वेळ झाली की दार लावून निघणार. पोरगी त्याच्या वळणावर गेली. शाळेपासून तिचा आकडा कधी चुकला नव्हता, आणि ज्याचा चुकतो त्याची तिला कीव नाही यायची, चीड यायची.

तर ही नेव्हेना तिसऱ्या वर्षाला, आणि तिच्या जोडीला ओग्न्यान. सगळे त्याला ओगी म्हणायचे. हा पठ्ठ्या मामाच्या टायरच्या दुकानात वाढलेला. दहा शब्दांच्या जागी दोन बोलणार, पण हात असे की तुटलेली तार बघता बघता जोडून देणार. वेल्चेव्ह सरांनी दोघांना कॉलेजच्या तळघरातली एक खोली दिली होती आणि एक काम. शिशाचे दोन गोळे एकमेकांना किती ओढतात ते मोजायचं. केसासारख्या तारेला आडवी दांडी टांगलेली, दांडीच्या टोकांना छोटे गोळे, मधोमध आरसा, आरशावर लेसर मारायचा, की त्याचा लाल ठिपका समोरच्या भिंतीवरच्या पट्टीवर पडतो. दांडीजवळ मोठे गोळे आणले की ठिपका जरासा सरकतो. किती सरकला, त्यावर सगळं गणित. वारा लागू नये म्हणून भोवती काचेची पेटी.

एप्रिलमध्ये राजधानीत, सोफियाला, विद्यार्थ्यांचं संमेलन होतं. विभागातून एकच काम जाणार, आणि ते यांचं, असं सरांनी कबूल केलं होतं. यादी बंद होणार बावीस मार्चला. नेव्हेनाने ही बातमी घरी कळवली तेव्हा बापाने म्हणे बस थांब्यावर पूर्ण तीन मिनिटं थांबवली होती.

फेब्रुवारीभर ठिपका शहाण्यासारखा वागला. मार्च लागला आणि त्याने गुण दाखवायला सुरुवात केली. गोळ्यांना कुणी हात लावलेला नाही आणि हा आपला चाललाय! सकाळी सहा मिलिमीटर डावीकडे, दुपारी तीन उजवीकडे, आणि बाहेर पाऊस असला की विचारूच नका.

"खिडकी उघडी राहिली होती का?" नेव्हेनाने विचारलं.

"नाही," ओगी म्हणाला.

"मग तार नीट आवळली नाहीस तू."

"फेब्रुवारीतही मीच आवळली होती."

"तेव्हा नशिबाने चाललं असेल!"

ओगीने खालची पकड सोडून पुन्हा बसवली. ठिपका सरकला. लेसर बदलला. सरकला. दोघांनी मिळून टेबलाच्या पायांखाली रबर घातलं, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. सरकलाच. दोन आठवडे हेच. सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून चीज भरलेली गरम बानित्सा घ्यायची, तेलकट कागदासकट तळघरात उतरायचं आणि भिंतीकडे बघत बसायचं. नेव्हेनाचा जीव अगदी मेटाकुटीला आला. एका दुपारी ओगी पकडीचा स्क्रू फिरवत होता, आणि ठिपक्याने पट्टीच सोडली. मग तिचाही तोल गेला.

"तुझे हात टायर आवळायचे आहेत, ओगी! ही तार आहे!"

ओगीने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. निदान भांडला असता तर बरं झालं असतं, पण भांडायचं त्याच्या स्वभावातच नव्हतं. नेव्हेना तशीच तडक वर गेली आणि वेल्चेव्ह सरांना म्हणाली, जोडणी कच्ची आहे, ओग्न्यान निष्काळजी आहे, असल्या कामावर मला माझं नाव नको.

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "खात्री आहे?"

"शंभर टक्के, सर."

सरांनाही घाई होतीच. त्यांनी कागद ओढला आणि ओगीच्या नावावर रेघ मारली. संध्याकाळी ओगी खोलीची किल्ली टेबलावर ठेवून गेला.

आता काय व्हायला हवं होतं? निष्काळजी माणूस गेला, ठिपका जागेवर यायला हवा होता. कसला येतोय! दुसऱ्या दिवशी पाऊस होता आणि ठिपका आठ मिलिमीटर गेला. नेव्हेनाने स्वतः तार आवळली, मग सैल केली, पुन्हा आवळली. ठिपका सरकतोच आहे आणि खोलीत दुसरं कुणी नाही. खापर फोडायला आता डोकंच उरलं नव्हतं. ती स्टुलावर बसून रागाने रडली, नाक पुसलं आणि आकडे लिहीत राहिली.

एकवीस मार्चला सकाळी कॉलेजच्या अंगणातलं प्लमचं झाड फुललं. आमच्याकडे एक मार्चला जो तो लाल-पांढऱ्या लोकरीची, गोंडे लावलेली मार्तेनित्सा बांधतो. वर्षभर तब्येत ठणठणीत राहावी म्हणून. स्वतःच्या मनगटाला, पोरांना, कुत्र्याला, गाडीच्या आरशाला. करकोचा दिसला किंवा फुललेलं झाड दिसलं की ती सोडून फांदीला अडकवायची. नेव्हेनाला मावशीने यंदा पिशवीभर मार्तेनित्सा पाठवल्या होत्या, आणि एक तारखेला तिने त्या दिसेल त्याला बांधल्या होत्या. ओगीच्या मनगटाला, दाराच्या कडीला, आणि "याची तब्येत पण सांभाळायला हवी" म्हणत यंत्राच्या वरच्या कड्यालासुद्धा, काचेच्या पेटीच्या आत.

मनगटावरची फांदीला लावून झाली, म्हणून बाकीच्याही सोडायला ती तळघरात आली. दाराची सोडली. मग पेटीचं झाकण उचलून कड्याची सोडायला हात घातला, आणि तिथेच थिजली. लोंबता गोंडा तारेला टेकला होता. अगदी निसटता. ओल्या हवेत लोकर फुगली की तारेला ढोसणार, सुकली की सोडणार. तिने गोंडा काढला. भिंतीवरचा ठिपका वीतभर उडाला.

तीन आठवडे! तीन आठवडे ते लाल-पांढरं तिच्या डोळ्यांसमोर लोंबत होतं. वेल्चेव्ह सर तीनदा पेटीवर वाकून गेले होते, त्यांच्या कोटालाही तसलंच लटकलेलं. पण मार्चमध्ये ते कुठे नसतं? एखाद्या खांबाला मार्तेनित्सा नसती तर तो खांब कुणीतरी पाहिला असता.

नेव्हेना पळत सुटली ती थेट टायरच्या दुकानात. हिवाळ्याचे टायर काढून उन्हाळ्याचे चढवायचे दिवस, गाड्यांची रांग पार सिग्नलपर्यंत. ओगी एका गाडीखाली वाकला होता.

"माझी चूक होती," ती धापा टाकत म्हणाली. "मार्तेनित्सा तारेला लागत होती. मी बांधलेली. मी तुला वाट्टेल ते बोलले, ओगी. मला माफ कर. उद्या यादी बंद होतेय, मी सरांना सांगून तुझं नाव परत घालते."

ओगी सरळ झाला. हात पुसले. "तिच्यामुळेच सरकत होता कशावरून?"

"काढली तर ठिपका वीतभर उडाला!"

"पेटीत हात घातलास तर उडणारच. माझ्या हाताने नव्हता उडाला? काढल्यावर मोजलंस?"

नेव्हेनाने नकारार्थी मान हलवली.

"परत बांधून मोजलंस?"

"ओगी, मी लगेच इकडे—"

"कमाल आहे तुझी!" आणि हा दोन शब्दांचा माणूस पहिल्यांदाच आवाज चढवून बोलला. "मला दोषी ठरवलंस तेव्हा मोजलं नाहीस. आता स्वतःला ठरवतेस तेव्हाही नाही. राग आला की खात्री, रडू आलं की खात्री! मला तुझी माफी नको, नेव्हेना. आकडा आण."

"दांडी शांत व्हायलाच एक दिवस जातो. कुठून आणू उद्यापर्यंत?"

"मग मला नाही माहीत."

तेवढ्यात मामा आतून ओरडला, "ओगी, ही गाडी संमेलनाला न्यायचीय का तुला? आटप लवकर!" ओगी पुन्हा खाली वाकला.

ती तशीच वेल्चेव्ह सरांच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. सरांनी आपल्या कोटाच्या गोंड्याकडे पाहिलं आणि बराच वेळ कपाळ चोळलं.

"ओग्न्यानची चूक नव्हती, याला पुरावा आहे का?"

"नाही, सर. अजून नाही." तिने टेबलावरच्या यादीकडे बोट दाखवलं. "पण चूक होती याला तरी कुठे होता? मी नुसतं म्हटलं, आणि तुम्ही नाव खोडलंत."

नेव्हेनाला वाटलं, आता सर खोलीची किल्ली मागतात. पण त्यांनी कागद पुढ्यात घेतला आणि ओगीचं नाव रेघेच्या वर पुन्हा लिहिलं, नीट, पूर्ण. मग पेन हातात ठेवूनच म्हणाले, "मार्चचे सगळे आकडे बाद. फेब्रुवारीचे बारा उरतात. बारा आकड्यांवर मी सोफियाला तोंड दाखवणार नाही. हे काम यंदा जाणार नाही. तुमच्याऐवजी दुसरी जोडी जाईल."

"बरं, सर," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

बाहेरच्या जिन्यावर ती बसली. घरी काय सांगणार? बाप तर डेपोत सगळ्यांना सांगून बसला होता. मावशीच्या लोकरीचा राग, सरांचा राग, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. शेवटी तिने ओगीला फोन लावला.

"तुझं नाव परत आलं," ती म्हणाली. "पण कामच यादीतून गेलं. माझ्यामुळे. दोघांचंही गेलं, ओगी."

पलीकडे टायरमध्ये हवा भरायचा आवाज येत राहिला. मग तो थांबला.

"म्हणजे आता मोजायला किती दिवस आहेत?" ओगीने विचारलं.

"हवे तेवढे."

"मग उद्या सकाळी येतो. तोवर कशालाही हात लावू नकोस."